पश्चिमेला सरकणारं छप्पर

आमच्या सोनाळ्यात परसदारी माणसं काय काय करतात ते मी लग्न होऊन आल्यापासून पाहत आले आहे. म्हशी बांधतात, जळणाला कापसाची पऱ्हाटी रचतात, वांगी-मिरची लावतात, आणि घरातली भांडणंही शक्यतो तिथेच नेऊन उरकतात. मी तिथे वेधशाळा बांधली. वेधशाळा म्हटलं की शहरातल्या लोकांना पांढराशुभ्र घुमट आठवतो. माझ्याकडे घुमट वगैरे काही नाही. खांद्याइतक्या उंच विटांच्या भिंती, मधोमध सिमेंटचा खांब, खांबावर दुर्बीण, आणि वर टिनाचं छप्पर. ते छप्पर रुळांवरून ढकललं की सबंध एका बाजूला सरकतं आणि डोक्यावर आकाश मोकळं होतं. आत शिरताना वाकावं लागतं. पाहायला आलेल्या प्रत्येकाचं डोकं एकदा तरी आपटलं आहे, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

नोकरीभर मी वरवट बकालच्या शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर शनीची कडी खडूने इतक्या वेळा काढली की झोपेतही काढली असती. पण शनी स्वतः कधी पाहिला नव्हता, आणि हे कोणा पोराने विचारलं असतं तर मी त्याला सरळ बाकावर उभं केलं असतं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका गृहस्थाकडून वापरलेली दुर्बीण घेतली. त्यांच्या गॅलरीसमोर नवी इमारत उभी राहिली होती आणि त्यांच्या वाट्याला आकाशच उरलं नव्हतं. दुर्बीण घरी आली तेव्हा आमच्या ह्यांनी खोक्यातून बाहेर आलेली ती पांढरी नळी पाहिली आणि विचारलं, "हे काय तोफ आणली काय व?" ह्यांचं कृषी केंद्र आहे. ज्या वस्तूने फवारणी होत नाही ती त्यांना कळत नाही.

आकाशाच्या बाबतीत मात्र सोनाळ्याने मला काही कमी केलं नाही. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या कुशीत रात्री उजेड करील असं काही नाही. ध्रुवतारा डोंगराच्या माथ्यावर जरासा वर दिसतो, हात लांब करून पोहोचेल असा. वीज गेली की सगळं गाव सरकारला शिव्या घालतं आणि मी एकटीच खूश होऊन छप्पर ढकलायला निघते. रस्त्यावरचे नवे पांढरे दिवे आले तेव्हा मी महिनाभर कोणाशी धड बोलले नाही. गल्लीत माझी ख्याती अशी आहे की बाई आल्या की बल्ब विझवा.

फोटो काढायला लागल्यावर तर विचारूच नका. लोकांना वाटतं, दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि बटण दाबायचं. आकाश सरकत असतं. ते ज्या चालीने सरकतं त्याच चालीने दुर्बीण फिरवणारी मोटर लागते, आणि ती मोटर ध्रुवाशी अगदी नीट जुळवावी लागते. मग एकाच जागेचे ढीगभर फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या अंधारातून काहीतरी वर येतं. माझी पहिली देवयानी दीर्घिका अशी वर आली तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसून रडले. मग ह्यांना उठवून दाखवली. ते म्हणाले, "काच पुसून पाह्य एकदा."

बांधकामाच्या वेळी सगळ्यात आधी खांब उभा राहिला. दुर्बिणीचा खांब भिंतींपासून सुटा असावा लागतो, त्याचा पाया खोल जावा लागतो, म्हणजे आपण आत चाललो तरी फोटो हलत नाही. त्यानंतर गवंडी कापूस वेचणीच्या दिवसांत गायब झाला तो झालाच. निंबाच्या झाडाशेजारी नुसता एक खांब, वर काही नाही, आजूबाजूला काही नाही. पहिल्या आठवड्यात कोणी म्हणालं, मोबाइलचा टॉवर येऊन राह्यला. पुढे पुढे लोकांचं बोलणं थांबलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एका मंगळवारी सकाळी मी मागे गेले तर खांबाला हळद-कुंकू लावलेलं, पायाशी नारळ, आणि वरच्या सपाट जागेवर, जिथे माझं सगळं यंत्र बसायचं होतं तिथे, शेंदूर. बाईंच्या परसात ठाणं निघालं अशी खबर मागच्या गल्लीत पोचली होती. मी शेंदूर घासून काढायला बसले तेव्हा भिंतीपलीकडून हसू आलं.

भिंतीपलीकडे चाची राहते. आमची तिची परसं एकमेकांना लागून, मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. तिचा नवरा बांगड्या विकायचा. त्याच्या मागे तिने गावोगावच्या बाजारात बसून तीच दुकानदारी चालवली आणि मुलाला वाढवलं. मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे त्या घरात लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात, वयाने कितीतरी मोठी असलेली चाचीसुद्धा. त्या दिवशी ती भिंतीला कान लावूनच उभी असावी. म्हणाली, "बाई, घासू नको जोरानं. नवस पावला तं देव तुह्याच घरात राह्यते, फोकटचा." मला इतका राग आलेला होता की मीही हसले.

तिच्या मुलाचं आता वेल्डिंगचं दुकान आहे. छपराचे अँगल, रूळ, चाकं सगळं त्याने केलं. गेटला लावतात तीच चाकं. छप्पर कुठल्या बाजूला सरकवायचं हे ठरवायची वेळ आली आणि इथे आमचे हे, जे तोवर या प्रकरणाकडे फिरकले नव्हते, एकदम मध्ये पडले. वास्तूप्रमाणे ईशान्य मोकळी पाहिजे, वजन पडायचं तर पश्चिमेला, नैऋत्येला पडलं पाहिजे, नाहीतर घराची भरभराट थांबते. कृषी केंद्राची भरभराट कशामुळे थांबते ते मला चांगलं माहीत होतं, पण मी वाद घालून घालून थकले होते. शिवाय मी मनात हिशेब केला: तारे उगवतात पूर्वेला, चढतात दक्षिणेकडे, ध्रुव उत्तरेला. पश्चिमेला जे असतं ते मावळायला निघालेलं असतं. तिकडे कोण पाहतं. छप्पर पश्चिमेला सरकू दे म्हटलं, आणि त्या दिवशी घरात फार शांतता नांदली.

वेधशाळा झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते संकष्टी चतुर्थीचं. गल्लीतल्या बायांना कळलं की बाईंच्या यंत्रात चंद्र आधी दिसतो. तो आधी दिसत नाही, उगवल्यावरच दिसतो, हे मी सांगून पाहिलं आणि मग हात टेकले. दर चतुर्थीला आठ-दहा जणी ताम्हणं घेऊन परसात जमायला लागल्या. पूर्वेच्या शेतांवरून चंद्र वर आला की एकेक जण वाकून दुर्बिणीत पाहायची, "अगं बाई, खड्डेच खड्डे हायेत" म्हणायची, आणि मग खऱ्या चंद्राकडे तोंड करून त्याला ओवाळायची. मला मजा वाटायची. सगळा दिवस उपाशी असलेल्या बायका इतक्या बोलू कशा शकतात याचं मला नवल वाटायचं, पण त्या यायच्या तेव्हा परस भरून जायचं आणि ते मला आवडायचं.

अशाच एका चतुर्थीला सगळ्या गेल्यावर भिंतीपलीकडून चाचीचा आवाज आला.

"बाई, तुह्या दुर्बिणीतून आमचा चांद दिसते काय?"

"चांद एकच हाये चाची."

"एकच हाये, मले माहीत हाये," ती म्हणाली. "पण आमचा बारीक असते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा सगळं कळलं. चाचीची नजर उतरली आहे हे गल्लीला ठाऊक होतं. बाजारात बसणं तिने केव्हाच सोडलं होतं. आपण दारात उभं राहिलो तर ती चपलांच्या आवाजावरून ओळखायची, आवाज नसला तर "कोण हाये?" विचारायची. आम्हाला वाटायचं मोतीबिंदू असेल, काढला की झालं. पण मुलाने तिला अकोल्याला नेलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदू नाही, डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजला आहे, त्याला आता काही करता येणार नाही. हे त्या घराने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याचं दुःख ती करत नव्हती. तिचं दुःख वेगळंच होतं, आणि ते तिने मला अगदी हळू आवाजात सांगितलं, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. रमजान लागायचा चांद आणि ईदचा चांद, दोन्ही दिसले की एक दुआ म्हणायची असते. ती लहानपणापासून म्हणत आली होती. गेली काही वर्षं संध्याकाळी सगळे स्लॅबवर जमतात, बोट दाखवतात, "वो देखो, वो देखो" करतात, आणि तिला नुसतं लालसर धुकट दिसतं. घरचे म्हणतात, अम्मी, आम्ही पाहिला ना, तू दुआ म्हण. मौलवीसाहेबांनीही सांगितलं की दुसऱ्यांनी पाहिला तरी चालतो, रोजा होतो, ईद होते. तिला ते सगळं मान्य होतं. फक्त दुआ तिच्या तोंडातून निघत नव्हती.

"पाह्यला नाई अन् पाह्यला म्हणून दुआ कशी मांगू?" ती म्हणाली. "अल्लासमोर झूट होते ना ते."

मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, शाळेत आणि शाळेबाहेर, जी न पाहता पाहिलं म्हणतात. खोटं बोलायला तिला कोणी अडवत नव्हतं, उलट सगळं घर आग्रह करत होतं, आणि ही बाई वर्षानुवर्षं स्लॅबवर उभी राहून गप्प खाली उतरत होती. मला तिचा फार आदर वाटला. मी म्हटलं, "चाची, रमजानचा चांद मी दाखवते तुमाले. माह्या वेधशाळेत." हे मी अशा थाटात म्हटलं, जसा काही चंद्र माझ्याच मालकीचा आहे.

"दुर्बिणीतून पाह्यलेला चालते?" मी विचारलं.

"चष्म्यातून चालते तं यातून काऊन नाई चालन? हा मोठा चष्मा हाये," चाची म्हणाली. तिने तेवढा विचार आधीच करून ठेवलेला होता.

रमजानचा चांद दिसायचा होता त्या संध्याकाळी ती सुनेचा हात धरून माझ्या परसात आली. नवी ओढणी घेतली होती. वाकून आत शिरली, डोकं आपटलं नाही, तिला मी स्टुलावर बसवलं. सूर्य मावळला. मी छप्पर ढकललं. चाकं सुरेख फिरली, छप्पर सरसर पश्चिमेला गेलं आणि तिथे, भिंतीच्या वर, जिथे चंद्र असायला हवा होता बरोबर तिथे, टिनाचा डोंगर होऊन उभं राहिलं.

पहिल्या दिवसाचा चंद्र पश्चिमेला अगदी खाली असतो आणि थोड्या वेळात मावळतो हे मी मुलांना शिकवलेलं आहे. परीक्षेत विचारलेलं आहे. आणि तरीही आख्खी वेधशाळा बांधताना माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण मला मावळणाऱ्या कशाचं काही घेणं नव्हतं. छप्पर बंद केलं तर आकाश दिसत नाही, उघडलं तर पश्चिम दिसत नाही. मी ते अर्ध्यावर आणलं, दुर्बीण वाकवून पाहिली, स्वतः टाचा उंचावून पाहिलं. दुर्बिणीत टिनाच्या पत्र्याचा नट दिसला, फार स्पष्ट. तेवढ्यात गल्लीतल्या स्लॅबांवरून एकच गलका झाला, चांद दिसला होता. चाची स्टुलावर बसून होती. म्हणाली, "दिसला वाटते लोकाइले."

"चाची, छप्पर आडवं आलं."

"असू दे बाई. एका महिन्यानं अजून येते तो." आणि ती उठली, सुनेचा हात धरून गेली. ती मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री ह्यांच्याशी जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. वास्तू, ईशान्य, नैऋत्य, कृषी केंद्र, सगळ्याचा उद्धार केला. हे ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तोडून टाकू मंग छप्पर. त्या म्हातारीले दिसलं पाह्यजे." ह्यांच्याकडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. माझा राग तिथेच अर्धा उतरला. पण छप्पर तोडून उपयोग नव्हता, पश्चिमेला निंब होता, निंबाच्या पलीकडे कोणाचं दुमजली घर होतं. दुर्बीणच तिच्या स्लॅबवर न्यायला हवी होती.

याचा अर्थ ज्यांनी हा नाद केला आहे त्यांनाच कळेल. खांबावर बसवलेलं यंत्र ध्रुवाशी जुळवण्यात माझे कित्येक दिवस गेले होते. ते एकदा हललं की सगळं पहिल्यापासून. नेमके ते दिवस अमावास्येच्या आसपासचे, आकाश काळंभोर, फोटोला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. पण माझ्या डोळ्यांसमोर ती स्टुलावर बसलेली होती, नवी ओढणी घेतलेली. रोज्यांचा महिना सरत आला तसे मी नट ढिले केले, यंत्र खांबावरून काढलं, आणि चाचीच्या मुलाने नि ह्यांनी ते उचलून, एकमेकांवर ओरडत, त्या अरुंद जिन्यावरून वर नेलं.

एकोणतिसावा रोजा. चैत्रातल्यासारखा उन्हाळा, हवेत धूळ, पश्चिम मातकट. गल्लीतल्या सगळ्या स्लॅबांवर माणसं. चाची जिना चढून आली, एका हाताने भिंत चाचपत. रोजा सोडला, खजूर खाल्ला, पाणी प्यायली. मग आम्ही वाट पाहत राहिलो. चंद्र आधी शेजारच्या स्लॅबवरच्या कोणीतरी पाहिला आणि तो ओरडला. मीही पाहिला, नखाची कड असते तेवढा, मातकट रंगावर आडवा पडलेला, होडीसारखा. दुर्बीण वळवली, पकडला, जागेवर आणला. घरातली सगळी मागे सरून उभी राहिली. पहिली चाची पाहणार, हे कोणी न सांगता ठरलं होतं.

तिने डोळा लावला. मी तिच्या शेजारी वाकून उभी होते.

"दिसला?"

"नाई."

"डोळा अजून जवळ न्या. घाई नाई."

ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "नाई दिसत बाई. मधात काळा गोळा हाये. जिकडे पाहाव तिकडे तोच येऊन बसते."

मुलगा हळूच म्हणाला, "रहने दे अम्मी." आजूबाजूच्या स्लॅबांवर लोक गळाभेट घेत होते, फटाक्याचा एखादा आवाज येत होता. मी स्वतः दुर्बिणीत पाहिलं. चंद्र तिथेच होता, चांगला ठसठशीत. मला तिच्या आधी रडू येईल असं वाटायला लागलं, आणि मग एकदम तिचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. जिकडे पाहाव तिकडे तोच येऊन बसते. पडदा मधोमध झिजला होता. कडेला नव्हता.

आकाश पाहणाऱ्याला पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकावी लागते. अंधुक काही पाहायचं असेल तर त्याच्याकडे सरळ पाहायचं नाही. डोळ्याचा मधला भाग अंधारात दुबळा असतो, कडेचा भाग तरतरीत असतो. म्हणून आपण नजर थोडी बाजूला ठेवतो, जणू दुसरीकडेच पाहतोय, आणि मग ती अंधुक वस्तू कडेने दिसते. मी हे रोज करते. इतकं रोज करते की ते करते आहे हेही मला कळत नाही.

"चाची, चांदाकडे पाहू नका," मी म्हटलं.

"मंग वर कशाले चढवलं मले?"

"ऐका माह्यं. त्या काळ्या गोळ्याले वर ढकला. नजर वर न्या, गोल काठ हाये ना, त्याच्याकडं. चांदाची काळजी करू नका. तो खाली राहू द्या."

तिने पाहिलं. नजर वर नेली असावी, आणि लगेच खाली आली असावी, कारण ती चिडून म्हणाली, "परत तिथंच जाते." जाणारच. ज्याची ओढ असते त्याच्याकडे माणूस सरळच पाहतो, जन्मभराची सवय आहे ती. मी तिच्या कानाशी लागून सांगत राहिले, वर, वर, काठाकडे, जसं काही तुम्हाला चांद नकोच आहे. मधेच चंद्र काचेतून सरकला, मी पुन्हा आणला. तो खाली चालला होता. मातकट थरात गेला की संपलं असतं. वर्गात कधी मी इतक्या शांतपणे शिकवलं नाही.

मग ती बोलायची थांबली. मान हलेना.

"काहीतरी हाये," ती म्हणाली. "धाग्यासारखं."

खरं सांगते, मला वाटलं आता ती आमच्यावर दया करते आहे. सगळे इतक्या आशेने उभे होते, तिच्यासाठी जिन्यावरून यंत्र चढवलं होतं, कोणीही म्हणालं असतं दिसला.

"पण बाई," ती डोळा न काढता म्हणाली, "हा पालथा काऊन हाये?"

माझ्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. होडीसारखा चंद्र पालथ्या वाटीसारखा दिसतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिच्या आधी माझ्याशिवाय कोणी डोळा लावला नव्हता, त्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिने डोळा तसाच लावून ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले, ओंजळ केली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आमचे हे, ज्यांना देवयानीत काचेवरचा डाग दिसला होता, ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि रुमालाने नाक पुसायला लागले. ती बाजूला झाली तेव्हा चंद्र धुळीत शिरत होता. बाकीच्यांनी घाईघाईने पाहिला, कोणाला दिसला, कोणाला नाही.

कोणीतरी स्लॅबवरचा बल्ब लावला. मी ओरडले नाही.

चाची बाजेवर बसली होती. शिरखुर्म्याच्या तयारीच्या गोष्टी सुरू झाल्या, मी दुर्बिणीची नळी सोडवायला लागले. वळून पाहिलं तर तिचं तोंड पाण्याच्या टाकीकडे होतं. मला वाटलं तिला मी कुठे आहे ते कळत नाहीये.

"चाची, मी इकडं हावो."

"माहीत हाये मले," ती टाकीकडेच तोंड ठेवून म्हणाली. "पाहून राह्यली तुले." थोडा वेळ तशीच पाहत राहिली. "केस सारेच पांढरे झाले व तुहे."

मी नळी खाली ठेवली आणि बल्बच्या उजेडात तिच्यासमोर उभी राहिले. मग तिने सुनेला हाक मारली.

"ते धाकटीले आण इकडं. जन्मली तवापासून तिचं तोंड पाह्यलं नाई म्या."

सून पोरीला कडेवर घेऊन आली आणि बल्बखाली उभी राहिली. चाचीने मान टाकीकडे वळवली.